पन्नाशीत आलेली झाडे

वैशाखाच्या भर दुपारी नवी मुंबईतील वाशीच्या सेक्टर ९ वा १० मधून चालणाऱ्या माणसाला, ज्या भूमीवर अर्धशतकापूर्वी भातखाचरे, मिठागरे आणि खाडीचा चिखल यांचेच राज्य होते, तिथेच आज सोनमोहर, गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांच्या फांद्या रस्त्याच्या दोन्ही कडांवरून एकमेकींना भेटतात, याचे नवल वाटेनासे झाले आहे. ही सावली निसर्गाने दिलेली नव्हे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडील नगराची कल्पना मांडल्यावर आणि ते वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाल्यावर, भराव घातलेल्या जमिनीत माणसांनी हेतुपूर्वक लावलेली ती झाडे आहेत. त्यांतील पुष्कळशी परदेशी व झटपट वाढणारी होती. गुलमोहराची मुळे उथळ असतात आणि आषाढातल्या वाऱ्यात तो उन्मळून पडतो, हा आक्षेप खराच. वड, करंज, जांभूळ यांना अधिक जागा मिळती, तर बरे झाले असते.

त्याच काळात उभ्या राहिलेल्या सिडकोच्या इमारती मात्र अकाली जीर्ण झाल्या. ज्यांच्या घरात छताचा गिलावा अंथरुणावर कोसळतो, त्या कुटुंबांनी नव्या घराची अपेक्षा करू नये, असे कोणताही सहृदय मनुष्य म्हणणार नाही. आणि २०१५ साली राज्य शासनाने अशा इमारतींना अडीच चटईक्षेत्र निर्देशांक मंजूर केला, तेव्हा त्या रहिवाशांना वाटलेले समाधान न्याय्यच होते. परंतु इमारतीचे आयुष्य जिथे संपले, तिथे झाडाचे यौवन नुकते कुठे सुरू झाले होते, याची नोंद पुनर्विकासाच्या नकाशात क्वचितच आढळते.

रस्त्याकडेचे झाड सोसायटीच्या हद्दीत नसते, म्हणून ते सुरक्षित राहील असा आपला समज असतो. वस्तुतः अन्न व पाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. त्यामुळे तळघरासाठी कुंपणालगत खोल खणती झाली, की झाडाचा एका बाजूचा आधार तुटतो, आणि वरून पाहणाऱ्याला ते हिरवेगारच दिसत राहते. मग नव्या प्रवेशद्वारासाठी एक झाड जाते, रोहित्रासाठी दुसरे. उरलेल्यांच्या बुंध्याभोवती पदपथाचे सिमेंट आवळले जाते. पुढच्या एखाद्या पावसाळ्यात असे झाड कोसळले, तर दप्तरात वादळवाऱ्याचे नाव लिहिले जाते. पण तो मृत्यू खणतीच्या दिवशीच ओढवलेला असतो. वाहनतळाच्या छपरावर फूटभर मातीत केलेली बाग ही त्याची भरपाई होऊ शकत नाही. तिथे हिरवळ वाढेल, पर्जन्यवृक्ष वाढणार नाही.

कायदा नाही असे नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाने वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडण्यास मनाई केली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. १९७६ साली लावलेले वाशीतील झाड २०२६ साली त्या पन्नाशीला पोहोचते. ज्या वर्षांत ही झाडे वारसा ठरू लागली आहेत, नेमक्या त्याच वर्षांत त्यांच्या शेजारी खणती चालू आहे. म्हणूनच, झाडाचे वय कोणी आणि कोणत्या पुराव्यावर ठरवले, हा प्रश्न आता गौण राहिलेला नाही.

तोडीपूर्वी जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि झाडावरही डकवावी लागते. तेव्हा वाचकहो, आपल्या रस्त्यावरील बुंध्यावर असा कागद दिसला, तर तो उभ्याउभ्या वाचून पुढे जाऊ नका. झाड केव्हा लावले हे आठवणारी वडीलधारी माणसे शेजारी अजून हयात आहेत, त्यांची साक्ष घ्या, आणि मुदत टळण्यापूर्वी आपली लेखी हरकत महापालिकेत नोंदवा.