मनोऱ्यांची वाट आणि हरकतींची मुदत

उच्चदाब वीजवाहिनीचा मार्ग ठरत असताना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टंकात एक जाहीर सूचना छापली जाते. तीत वाहिनीची क्षमता, दोन टोकांची उपकेंद्रे आणि तालुकावार गावांची लांबलचक यादी असते, आणि ज्यांना काही म्हणायचे असेल त्यांनी दोन महिन्यांच्या आत ते लेखी कळवावे, असे आवाहन असते. वीज कायदा, २००३ च्या कलम १६४ खाली कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार, म्हणजे जमीन संपादित न करताच तिच्यावर मनोरे उभारण्याचे आणि तारा ओढण्याचे अधिकार, मिळण्याआधीची ही पायरी होय. यादीत गावे असतात. त्या गावांच्या माळावर, जंगलात किंवा खाजणात कोणते जीव राहतात, याचा रकाना नसतो, आणि म्हणून येणाऱ्या हरकतींचा रोखही बहुधा मोबदल्याकडेच असतो, जो शेतकऱ्याच्या बाजूने रास्तच आहे.

वन्यजीवांची बाजू मांडायला कायद्याने ठेवलेली जागा फारच चिंचोळी आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात पारेषण वाहिन्यांचा, म्हणजे दूर अंतरावर वीज वाहून नेणाऱ्या तारांचा, समावेशच नाही, त्यामुळे औष्णिक प्रकल्पासाठी जी जनसुनावणी सक्तीची ठरते ती वाहिनीला लागू होत नाही. वनजमिनीसाठी ग्रामसभेची संमती हा दुसरा मार्ग होता, पण फेब्रुवारी २०१३ च्या केंद्रीय परिपत्रकाने रस्ते, कालवे, वाहिन्या अशा रेषीय प्रकल्पांना तीतून बव्हंशी सूट दिली. अभयारण्यातून जायचे असल्यास प्रस्ताव राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढे जातो, परंतु तेथे तज्ज्ञ आणि अधिकारी बसतात, नागरिक नव्हे.

या चिंचोळेपणाची किंमत माळढोकाच्या बाबतीत ठळकपणे दिसते. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने समोरचे त्याला नीट दिसत नाही, आणि दहा-पंधरा किलोंपर्यंत भरणारे धूड घेऊन तार जवळ आल्यावर वळणे त्याला साधत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०१८ च्या अहवालात थरच्या वाळवंटात दरवर्षी सुमारे १८ माळढोक तारांमुळे मरत असावेत, असा अंदाज होता. देशभरात जेमतेम दीडशे उरलेल्या पक्ष्याला ही हानी सोसणारी नाही. महाराष्ट्रात नान्नजच्या माळासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले खरे, पण आज राज्यातून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला आहे. माजी सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी तारा जमिनीखाली नेण्याचे व्यापक आदेश दिले, आणि २१ मार्च २०२४ रोजी तेच आदेश शिथिल करून विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला. या शिथिलीकरणामागे सौरऊर्जेची निकड होती, तशी एक तांत्रिक अडचणही होती: प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह वाहून नेणारी उच्चदाब केबल जमिनीखालून लांबवर नेली की ती भारित ठेवण्यातच तिची बरीच क्षमता खर्ची पडते.

लोकांच्या म्हणण्याने मार्ग प्रत्यक्ष बदलल्याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात सापडते. गोवा-तम्नार प्रकल्पातील ४०० केव्हीची वाहिनी भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून जाणार होती. अशा वाहिनीखाली सुमारे ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो, आणि सदाहरित जंगलात असा पट्टा काढला की फांदीवरून फांदीवर जाणाऱ्या शेकरूची आणि लाजवंतीची वाट तुटते, तर वाघ, कोळसून आणि खवल्या मांजर या तिन्ही संकटग्रस्त प्राण्यांचा अधिवास आणखी विभागला जातो. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, स्थायी समितीने दूरदृश्य बैठकीत या वाहिनीला हिरवा कंदील दाखवल्यावर ‘आमचें मोलें’ या मोहिमेतून विद्यार्थी, चित्रकार आणि शास्त्रज्ञांनी प्रकल्पाच्या अहवालांतील उणिवा एकेक करून मांडल्या. गोवा फाउंडेशनने न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने एप्रिल २०२१ मध्ये, नवे जंगल न तोडता आधीच्या वाहिनीचाच पट्टा वापरावा, अशी शिफारस केली, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने ती उचलून धरली. वाहिनी रद्द झाली नाही, फक्त सरकली. नुसत्या विरोधाऐवजी नोंदी आणि पर्यायी मार्ग पुढे ठेवल्याचे हे फळ होते, असे म्हणता येईल.

वसई-विरारच्या परिसराला हा विषय परका नाही. शेजारच्या वाडा तालुक्यातील कुडूसपासून मुंबईतील आरेपर्यंतच्या १,००० मेगावॉटच्या वाहिनीची लांबी सुमारे ८० किलोमीटर असून त्यातील साधारण ५० किलोमीटर ती जमिनीखालून जाते. येथे प्रवाह एकदिश असल्याने प्रत्यावर्ती केबलची अडचण येत नाही. महानगराला जे परवडते ते माळरानाला परवडत नाही, असे का ठरते, हा प्रश्न येथे रास्त ठरतो. खाडीकाठच्या कांदळवनाला मात्र एक वेगळे कवच आहे: १७ सप्टेंबर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालामुळे सार्वजनिक हिताच्या कामासाठीही कांदळवन तोडायचे तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि तेथे हरकत निदान ऐकली जाते. राजोडी, कळंब, भुईगावच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या कुरव आणि तुतारी पक्ष्यांसाठी असे काही नाही. त्यांच्या बाजूने बोलायचे तर ते कोणत्या महिन्यात येतात, भरतीच्या वेळी कोठून कोठे आणि किती उंचीवरून उडतात, याच्या तारीखवार नोंदी सूचना छापून येण्यापूर्वीच हाताशी असाव्या लागतात, कारण पक्षी एका ऋतूत येतात आणि दोन महिन्यांची मुदत कोणत्याही ऋतूत सुरू होऊ शकते.