सर्व्हर मंदावल्यास प्रथम काय पाहावें

संघाच्या संकेतस्थळावर बाजारभाव उघडण्यास विलंब होऊं लागला, तेव्हां सभासदांच्या वर्गणींतून मोठें यंत्र घ्यावें असा विचार निघाला. आमचें म्हणणें, आधीं दुखणें ओळखावें.

लिनक्सच्या सर्व्हरवर 'टॉप' ही आज्ञा दिली असतां गेल्या १, ५ व १५ मिनिटांतील सरासरी भार दिसतो. तो प्रोसेसरच्या गाभ्यांच्या संख्येहून सतत अधिक असल्यास कामें खोळंबलीं आहेत असें समजावें. मेमरी अपुरी पडून यंत्र वारंवार डिस्कवरील 'स्वॅप' वापरीत असेल, तरीही तें मंदावतें.

आमच्या येथें मेमरी पुरेशी होती. भार होता तो डेटाबेसचा. मायएसक्यूएलमध्यें सावकाश चालणाऱ्या क्वेरींची नोंद मुळांत बंद असते, व चालू केल्यावरही १० सेकंदांहून अधिक वेळ घेणाऱ्याच क्वेरी तींत येतात. ती मर्यादा आम्हीं १ सेकंदावर आणली, तेव्हां दोष सांपडला. भावांच्या तक्त्यास तारीख व माल यांची अनुक्रमणिका नव्हती. अनुक्रमणिकेवांचून एक गट नंबर शोधण्यास आम्हांस दप्तरांत सारी वही चाळावी लागे, तसेंच हें.

अनुक्रमणिका करतांच विलंब सरला. मात्र प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तीही लिहिली जाते. यास्तव गरजेपुरतीच करावी. यंत्र जुनेंच राहिलें, व वर्गणी शिल्लक राहिली.