थट्टेतली एक ओळ

मैत्रिणींनो, आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला कुलूप नाही, हे मी चार महिने सांगत होते. कुणी दाद देईना. शेवटी चिडून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिलं, "आता मीच टाकीत जुलाबाचं औषध टाकते, मग तरी लागेल कुलूप!" मागून वाईट वाटलं, म्हणून पुसून टाकलं. पण पुढच्या सभेत तेवढ्याच ओळीचा फोटो हातोहात फिरला. आधीच्या तक्रारींचा पत्ताच नाही! "शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी असं लिहावं?" आमचे हे शेजारीच बसलेले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा अमेरिकेतला ख्रिस रॉबर्ट्‌स आठवला. संगणक-यंत्रणेतल्या फटी शोधणं हा त्याचा व्यवसाय. विमानांतल्या फटींबद्दल तो काही वर्षं सांगत आला होता. १५ एप्रिल २०१५ ला युनायटेडच्या विमानात बसून त्याने ट्विटरवर थट्टेनं विचारलं, वैमानिकापुढच्या सूचनांशी, प्राणवायूच्या इशाऱ्याशी, जरा खेळू या का? सिरॅक्यूजला उतरतो तो एफबीआयची माणसं हजर! चौकशी झाली, संगणक जप्त झाला. पुढे युनायटेडने त्याला विमानात घ्यायचंच नाकारलं. आपलं बोलणं संदर्भ तोडून वापरलं, असं त्याचं म्हणणं. भरल्या विमानातून असली थट्टा करू नयेच, बाई! पण ते एक वाक्य राहिलं आणि आधीचं सांगणं मागे पडलं, हे मला चांगलंच समजलं.

मला वाचवलं तळमजल्यावरच्या काकूंनी. त्या काहीच पुसत नाहीत. पहिल्या तक्रारीपासूनचा सगळा मजकूर त्यांच्या फोनमध्ये, तारीखवार.

म्हणून सांगते, कुणी वेडंवाकडं लिहिलं तर संतापून किंवा लाजून पुसू नका. फोटो घ्याल तो नाव, तारीख, वेळ आणि मागचंपुढचं बोलणं येईल असा घ्या. ग्रुपवरचं सगळं संभाषण 'एक्स्पोर्ट'ने वेगळं जपता येतं. इंटरनेटवरच्या पानाचा पूर्ण पत्ता लिहून ठेवा. आणि मुख्य म्हणजे मूळ फोन जपा, विकू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नकलेसोबत कोर्टात प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा वकिलांना आधीच विचारा.

टाकीला दुसऱ्याच दिवशी कुलूप लागलं. किल्ली मात्र मला दाखवतसुद्धा नाहीत!