बक्षीस, अपेक्षा आणि आपला मेंदू

रमजानमध्ये मगरिबच्या अजानचा पहिला शब्द कानी पडताच रोजेदाराचे मन प्रसन्न होते. खजूर अजून हातातच असते, पाण्याचा घोटही घशाखाली उतरलेला नसतो, तरी तहान अर्धी भागल्यासारखी वाटते. मिळायची गोष्ट मिळण्याआधीच आनंद का होतो? मेंदूचे शास्त्रज्ञ या कोड्यामागे अनेक वर्षे होते आणि त्याचे उत्तर अखेर गणिताच्या मदतीने सापडले. घरातला मोबाइल, मुलांचा हट्ट आणि तरुणांना लागलेली ऑनलाइन जुगाराची चटक यांच्याशी या उत्तराचा जवळचा संबंध आहे. म्हणून ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्हाला वाटते.

रसाचा एक थेंब

वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधील फ्रिबोर विद्यापीठात माकडांच्या मेंदूचा अभ्यास करीत होते. मेंदूच्या मध्यभागी खोलवर डोपामिन नावाचे रसायन सोडणाऱ्या पेशी असतात. त्या केव्हा सक्रिय होतात, हे ते नोंदवत होते. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी उसळत. पुढे दर वेळी रसाआधी एक खूण दाखवली जाऊ लागली. माकड ती ओळखायला शिकले, तेव्हा पेशी खुणेलाच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर शांत राहू लागल्या. खूण दिसूनही रस मिळाला नाही, तर रस मिळण्याच्या नेमक्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही मंद पडत.

डोपामिन हे निव्वळ 'आनंदाचे रसायन' असते, तर रस पिताना पेशी गप्प का राहिल्या असत्या?

गणिताने लावलेला अर्थ

याच सुमारास पीटर डायन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ गणिताच्या वाटेने मेंदूकडे वळले होते. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो या संगणकशास्त्रज्ञांनी यंत्राला अनुभवातून शिकवण्याची एक रीत मांडली होती, ती डायन यांच्या चांगल्या परिचयाची होती. रीत सोपी आहे. जे मिळाले त्यातून जे अपेक्षित होते ते वजा करा. बाकी अधिक आली तर अपेक्षा वाढवा, उणे आली तर कमी करा, शून्य आली तर शिकण्यासारखे नवे काही नाही. शुल्ट्झ यांच्या पेशी हीच वजाबाकी करीत असल्याचे दिसले. शुल्ट्झ, डायन आणि रीड मॉन्टॅग्यू यांचा लेख १९९७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७ साली शुल्ट्झ, डायन आणि रे डोलन यांना 'ब्रेन प्राइझ' हा मेंदूविज्ञानातील मोठा पुरस्कार मिळाला.

म्हणजे मेंदू नुसते बक्षीस मोजत नाही, बक्षीस आणि अपेक्षा यांतला फरक मोजतो.

घरात याचा उपयोग काय?

मुलाने सबक पाठ केला की दर वेळी चॉकलेट, असा नियम अनेक घरांत असतो. काही दिवसांनी चॉकलेटचे अप्रूप संपते आणि एखाद्या दिवशी ते मिळाले नाही तर रडारड होते. अपेक्षा पक्की झाली, आता फरक पडतो तो फक्त उणे बाजूला. रागावण्याचेही तसेच आहे. रोज ओरडा खाणाऱ्या मुलाला ओरड्यात नवे काहीच उरत नाही.

इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये मुलांच्या संगोपनावर जे लिहिले आहे, ते येथे आठवते. मुलाने चांगले काम केले तर त्याचे कौतुक करावे, चारचौघांत शाबासकी द्यावी, त्याला आवडेल असे काही द्यावे. पण सारखे रागावू नये, कारण बोलणी ऐकण्याची त्याला सवय होते आणि शब्दांचा असर जातो. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला माणसांच्या निरीक्षणातून आलेला आहे.

अनिश्चिततेचा सापळा

शुल्ट्झ यांच्या गटाने २००३ साली आणखी एक बाब दाखवली. बक्षीस मिळेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा या पेशींची हालचाल बक्षिसाच्या क्षणापर्यंत वाढत जाते. जुगाराचे बळ येथेच आहे. हरणारा पुन्हा डाव मांडतो, कारण पुढच्या डावाचा भरवसा नसतो. मोबाइलवर बोट सरकवत राहणाऱ्या मुलाचेही असेच होते. पुढचा व्हिडिओ कदाचित मजेदार निघेल. जुगार इस्लामने हराम ठरवला आहे. 'थोडेच पैसे लावतो' म्हणणाऱ्या तरुणाला समजावताना नुसते दरडावू नये, ही ओढ कशी तयार होते तेही सांगावे.

एक गोष्ट आजारपणाच्या संदर्भात. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, काही औषधांचा परिणाम याच यंत्रणेवर होतो. त्यामुळे काही रुग्णांना जुगाराची किंवा अनावर खरेदीची ओढ लागू शकते. घरातील बुजुर्गांमध्ये असा बदल दिसला तर त्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये आणि औषध मनाने बंदही करू नये. डॉक्टरांना लगेच सांगावे.

मग माणूस सवयीचा गुलाम आहे का?

काही वाचक विचारतील, सगळे रसायनच असेल तर नियत आणि सब्र यांना काय अर्थ? डायन यांचे पुढचे काम येथे उपयोगी पडते. नॅथॅनियल डॉ आणि याएल निव यांच्यासह त्यांनी २००५ साली मांडले की मेंदू दोन वाटांनी निर्णय घेतो. एक सवयीची, झटपट वाट. दुसरी पुढचा विचार करून परिणाम तोलणारी, संथ वाट. समोर थंड पाणी असूनही रोजेदाराचा हात पुढे जात नाही, तेव्हा सवयीवर विचाराने मात केलेली असते. मेंदू कसा शिकतो, हे विज्ञान सांगते. काय शिकण्याजोगे आहे, हे ठरवणे मात्र आपल्याकडेच राहते.

थोडा असला तरी नियमित केलेला अमल अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मुलांच्या बाबतीत ती आजपासून अमलात आणता येईल. जेवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, ठरलेल्या बक्षिसाऐवजी कधीतरी मनापासून शाबासकी द्यावी आणि दिलेला शब्द मात्र नक्की पाळावा. आपल्याकडून काय अपेक्षा करायची, हे मूल आपल्याच वागण्यातून शिकत असते.