बेल्जियन बिअरच्या डच नावांचे उच्चार

विशेषनाम एका भाषेतून दुसरीत जाते तेव्हा बहुधा त्याचे लेखन तेवढे जाते. उच्चार मागे राहतो. बेल्जियमच्या उत्तरेकडील डचभाषक प्रदेशात, म्हणजे फ्लँडर्समध्ये, तयार होणाऱ्या बिअरची नावे हे याचे बोलके उदाहरण होय. बाटल्यांबरोबर ही नावे जगभर पोहोचली. परंतु बहुतेक ठिकाणी ती इंग्रजी किंवा फ्रेंच वाचनपद्धतीने उच्चारली जातात. डच लेखन दुर्बोध आहे, अशी समजूत यामागे असते. वस्तुतः ते बरेच नियमबद्ध असून मोजक्या नियमांनी बहुतेक नावे उलगडतात.

'हूग़ार्द-अ' हे नाव प्रथम पाहू. फ्लेमिश ब्राबांत प्रांतातील हे एक गाव. तेथील गव्हाच्या पांढऱ्या बिअरचे पुनरुज्जीवन पिएर सेलिस यांनी १९६०च्या दशकात केले. इंग्रजी वाचक या नावाचा 'होगार्डन' असा उच्चार करतो. त्यात तीन चुका आहेत. डचमध्ये 'ओ' आणि 'ई' या रोमन अक्षरांची जोडी 'ऊ' हा स्वर दर्शविते. 'जी' हे अक्षर 'ग' या स्पर्शाचे नसून घर्षकाचे आहे: जिभेचा मागील भाग 'ग'च्या स्थानाजवळ जातो, पण मार्ग पूर्ण बंद करीत नाही, आणि श्वास घासत बाहेर पडतो. येथे हा वर्ण नुक्ता देऊन 'ग़' असा, व त्याचा अघोष जोडीदार 'ख़' असा लिहिला आहे. फ्लँडर्समधील 'ग़' हॉलंडमधील उच्चाराहून मृदू असतो, आणि त्याचे स्थानही किंचित पुढे असते. तिसरी गोष्ट शब्दान्तीच्या 'न्'ची. लेखनात तो राहिला आहे. बोलण्यात मात्र तो बहुधा लोपतो आणि मागे केवळ 'अ' उरतो. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. 'केलें'मधील अनुस्वार उच्चारातून गेल्यावरही लेखनात दीर्घकाळ टिकून होता. १९६२च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार वगळले. डचने आपला 'न्' वगळला नाही, एवढाच फरक.

खरी अडचण स्वरांची आहे. डचमध्ये अग्र वर्तुळित स्वर आहेत, मराठीत ते नाहीत. ते साधण्याचा उपाय सोपा आहे. जीभ 'ई'च्या स्थानी ठेवून ओठ 'ऊ'साठी करतात तसे गोल केले, की 'दुवेल' या प्रसिद्ध बिअरच्या नावातील पहिला स्वर मिळतो. आघात याच पहिल्या अवयवावर येतो. दुसऱ्यात केवळ 'अ' ऐकू येतो. जीभ 'ए'च्या स्थानी ठेवून ओठ गोल केले, म्हणजे 'ग़्योझ-अ' या आंबट बिअरच्या नावातील स्वर मिळतो. देवनागरीतील 'यो' ही केवळ खूण समजावी; 'य्' उच्चारावयाचा नाही. तपकिरी बिअरला 'औत ब्रॉइन' म्हणतात. त्यातील दुसऱ्या शब्दाचा संयुक्तस्वर आरंभापासून अखेरपर्यंत ओठ गोल ठेवूनच उच्चारला जातो.

याच नावातील पहिला शब्द 'द्'ने संपतो असे लेखनात दिसते, पण ऐकू येतो 'त्'. कारण डचमध्ये शब्दान्ती घोष स्पर्श आणि घर्षक अघोष होतात. संधीतही असे घडते. सिंत-सिक्स्तुस मठातील ट्रॅपिस्ट भिक्षूंच्या बिअरचे नाव 'वेस्तफ्लेतर-अ' असे उच्चारले जाते. लेखनातील 'व्ही' हा वर्ण आधीच्या अघोष 'त्'मुळे 'फ्' होतो.

काही बाबतींत मराठी भाषक इंग्रजाहून अनुकूल स्थितीत आहे. डचमधील 'प्', 'त्', 'क्' हे मराठीप्रमाणेच अल्पप्राण आहेत, 'ह' घोष आहे, आणि फ्लँडर्समधील 'डब्ल्यू'चा उच्चार मराठी 'व'च्या जवळचा आहे. 'क्रीक', म्हणजे चेरी घालून मुरविलेली बिअर, हे नाव मराठी मुखातून जवळजवळ निर्दोष निघते.

तथापि शुद्ध उच्चार म्हणजे केवळ प्रमाण भाषेचा उच्चार, असे समजणे चुकीचे ठरेल. सैतान या अर्थाच्या प्रमाण डच शब्दात 'ब्रॉइन'मधील संयुक्तस्वर आहे. मध्ययुगीन डचमधील एकस्वर प्रमाण भाषेत असा बदलला. बोलीत मात्र जुना स्वर राहिला, आणि बिअरचे 'दुवेल' हे नाव त्या बोलीरूपाचे आहे. ते 'सुधारणे' म्हणजे बिघडविणे होय. तसेच प्रत्येक बेल्जियन नाव डच नसते. शिमे, ओर्वाल व रोशफोर ही वालोनियातील नावे फ्रेंच आहेत. आणि स्तेला आर्त्वा ही फ्लँडर्समधील बिअर असली तरी 'आर्त्वा' हे कुलनाम फ्रेंच पद्धतीनेच वाचावयाचे असते.

हा भेद बेल्जियममध्ये क्षुल्लक नाही. प्रशासन, न्यायालये व उच्च शिक्षण यांत तेथे दीर्घकाळ फ्रेंचचे वर्चस्व होते. गेंत विद्यापीठ पूर्णतः डच माध्यमाचे झाले ते १९३० मध्ये. भाषिक सीमा कायद्याने निश्चित झाली १९६२–६३ मध्ये. स्तेला आर्त्वा ज्या शहरात तयार होते त्याचे डच नाव 'ल्योव-अ' (यातही 'ग़्योझ-अ'मधीलच स्वर आहे) आणि फ्रेंच नाव 'लूव्हँ'. तेथील विद्यापीठाच्या भाषेवरून १९६८ मध्ये देशाचे सरकार कोसळले, आणि पुढे विद्यापीठाची दोन विद्यापीठे झाली. अशा इतिहासात डच नाव फ्रेंच पद्धतीने उच्चारणे हा निव्वळ अनवधानाचा प्रमाद राहत नाही. नाव ज्यांचे आहे त्यांच्या भाषेकडे त्यात दुर्लक्ष होते.

मराठीत परकीय नावे बहुधा इंग्रजीच्या मार्गाने येतात आणि इंग्रजीचे दोषही बरोबर आणतात. देवनागरीत प्रत्येक डच स्वर उतरणार नाही, हे खरे; पण 'हूगार्द' लिहावे की 'होगार्डन', हा निर्णय लिपीच्या मर्यादेचा नाही. तो मूळ भाषेला विचारण्याच्या सवयीचा आहे.