बॅटरी बदलण्याआधी : सेल्फ बिघडलाय की अल्टरनेटर?

मैत्रिणींनो, आपल्या संघातल्या बऱ्याच गटांकडे आता स्वतःची गाडी आहे. कुणाचा छोटा हत्ती, कुणाची सेकंडहँड इको. पहाटे दिघीतून डबे भरून निघायचं आणि पहिली शिफ्ट लागायच्या आत चाकणला पोचायचं. त्या दिवशी गाडीने दगा दिला तर डबे वाया जातातच, शिवाय कंत्राटदार दुसरा गट शोधायला लागतो. म्हणून गाडी चालू झाली नाही की आपण घाबरून जो मेकॅनिक मिळेल त्याला बोलावतो आणि तो म्हणेल ते बदलून घेतो. बहुतेक वेळा तो म्हणतो, "बॅटरी गेली."

दिघीतल्या एका गटाने असं करत आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या घेतल्या. एक बॅटरी म्हणजे चार-पाच हजार रुपये. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा गटाच्या सचिव ताई अडून बसल्या, "आधी मीटर लावून दाखवा, मग पैसे." मीटर लावला तर बॅटरी चांगली होती, फक्त उपाशी होती. अल्टरनेटर तिला चार्जच करत नव्हता, त्याच्या आतले कार्बन झिजले होते. काही शेकड्यांत काम झालं. बॅटरीचे पैसे मात्र गटाच्या खात्यातून गेले ते गेलेच.

यातलं गणित आपल्याला नवीन नाही. बॅटरी म्हणजे गटाची पेटी. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, हा पेटीतून एकदम मोठी रक्कम उचलणारा सभासद. आणि अल्टरनेटर म्हणजे दर महिन्याचा बचतीचा भरणा. आपल्याकडचे जुने मेकॅनिक त्याला अजून डायनामो म्हणतात. इंजिन चालू झालं की पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो, वीज तयार करतो, दिवे-वायपर चालवतो आणि उचललेली रक्कम पेटीत परत टाकतो. पेटी रिकामी दिसली तर आपण आधी विचारतो की भरणा थांबलाय का, की कुणी जास्त उचललं? थेट नवी पेटी आणायला कुणी जात नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

सेल्फची उचल किती मोठी असते ते सांगते. एक हेडलाइट साधारण ५ अँपिअर करंट घेतो. सेल्फ त्या एक-दोन सेकंदांत १०० ते २०० अँपिअर ओढतो, डिझेल गाडीत त्याहूनही जास्त. म्हणजे वीस-चाळीस हेडलाइट एकाच वेळी लावल्यासारखं. म्हणून दिवे लागले, हॉर्न वाजला म्हणजे बॅटरी चांगलीच आहे असं समजू नका. हॉर्नपुरता जीव तिच्यात असतो, सेल्फपुरता नसतो.

आता गाडी चालू होत नाही तेव्हा काय करायचं? पहिलं काम कानाचं. हेडलाइट लावा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि चावी फिरवा. टकटकटक असा भराभर आवाज आला आणि दिवे मिणमिणे झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल ढिले आहेत. एकच 'टक' आला आणि इंजिन हललं नाही, दिवे मात्र तसेच लख्ख राहिले, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या डोक्यावरच्या सोलेनॉइडवर घ्या. काहीच आवाज नाही आणि दिवे लख्ख, तर रिले, फ्यूज, चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडला येणारी बारीक वायर बघायची. सेल्फ नुसता घुईं करून फिरतो पण इंजिन फिरत नाही, तर त्याचा छोटा दाता इंजिनच्या चाकात अडकत नाहीये. गॅरेजवाले म्हणतील 'बेंडिक्स गेला'. खर्रकन दात घासल्याचा आवाज आला तर पुन्हा पुन्हा चावी मारू नका, मोठं चाक खराब होतं आणि तो खर्च भारी आहे.

सेल्फ जोरात फिरतोय, इंजिनही फिरतंय, तरी गाडी चालू होत नाही? मग सेल्फ, बॅटरी दोघांनाही सोडून द्या. भानगड डिझेल-पेट्रोलची किंवा दुसरीकडची आहे.

मेकॅनिकला बोलावण्याआधी टर्मिनल बघाच. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते, पावसाळ्यात तर हमखास. करंट तिथेच अडतो आणि बिचाऱ्या सेल्फवर आळ येतो. आधी काळी (निगेटिव्ह) वायर काढायची, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशने घासायचं, पुसून कोरडं करायचं, आणि लावताना लाल आधी, काळी शेवटी. हे करताना हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा. बांगडी लाल खुंटीला आणि गाडीच्या पत्र्याला एकदम टेकली तर क्षणात लालबुंद होते. पदर, ओढणी खोचून घ्या, इंजिन चालू असताना तर पट्ट्याच्या जवळही नको. आणि दसऱ्याला गाडीची पूजा करताना उघड्या बॅटरीजवळ उदबत्ती नको, बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो.

दुसरं काम मीटरचं. साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, प्रत्येक गाडीवाल्या गटाने घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो २० डीसी व्होल्टवर ठेवा, लाल काडी लाल खुंटीला, काळी काळ्याला. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ आला तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग एकीने चावी मारायची, दुसरीने मीटर बघायचा. सेल्फ फिरताना आकडा साधारण १० च्या आसपास टिकला पाहिजे. भरलेली बॅटरी असूनही तो ८-९ च्या खाली कोसळला तर बॅटरी आतून थकली आहे, किंवा सेल्फ अडकून जास्त करंट ओढतोय.

गाडी चालू झाल्यावर तोच मीटर अल्टरनेटरची हजेरी घेतो. आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. दिवे, वायपर, पंखा सगळं लावूनही १३ च्या वर राहिला पाहिजे. इंजिन चालू असूनही १२.३, १२.२ असा उतरत गेला तर भरणा बंद आहे. त्या दिघीच्या गटाच्या मीटरवर हेच दिसलं. उलट १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरीचं पाणी लवकर आटतं, बल्ब उडतात. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा थोडा वरखाली करतो, तेव्हा एका मापावर निकाल देऊ नका.

अल्टरनेटर खराब आहे का हे बघायला चालू गाडीची बॅटरीची वायर काढून बघणारे मेकॅनिक अजून आहेत. त्यांना हात जोडून थांबवा. जुन्या गाड्यांत ते खपून गेलं. आताच्या गाडीत त्या झटक्याने कंट्रोल युनिट जळू शकतं.

डॅशबोर्डवरची बॅटरीच्या चित्राची लाल लाईटही बोलते. चावी लावल्यावर ती पेटली पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझली पाहिजे. नाशिक रोडच्या ट्रॅफिकमध्ये मध्येच पेटली तर एसी, टेप, नको असलेले दिवे बंद करा आणि इंजिन बंद न करता थेट इलेक्ट्रिशियनकडे जा. पण बरोबर तापमानाचा काटाही चढत असेल तर लगेच बाजूला थांबा. बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो, पट्टा तुटला असेल तर इंजिन जळेल.

एक गोष्ट मला वाचताना फार आवडली. १९१२ पर्यंत गाडी चालू करायला पुढून लोखंडी हँडल मारावं लागे, त्यात हात मोडायचे. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ कॅडिलॅक गाडीत आला. तोवर तिथल्या जाहिरातींत बॅटरीवरची गाडी 'बायकांसाठी' म्हणून दाखवायचे, कारण तिला हँडल नव्हतं.

इलेक्ट्रिशियनकडे गेल्यावर "गाडी चालू होत नाही" एवढंच सांगू नका. कोणता आवाज आला, दिवे मंद झाले का, तीन आकडे किती आले, हे सांगा. बोलणं लगेच बदलतं. 'पूर्ण सेल्फ बदला' म्हणाले तर विचारा, कार्बन किंवा सोलेनॉइड बदलून भागेल का? काढलेला जुना भाग परत मागा. बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का घेऊन ते गटाच्या फाइलीत ठेवा, आणि तिन्ही आकडे महिन्याच्या बैठकीच्या दिवशी गाडीच्या वहीत लिहा. ज्यांना मीटर धरायला शिकायचंय त्यांनी पुढच्या सभेला गाडी घेऊनच या, सभा संपल्यावर अर्ध्या तासात होईल.