पात्राच्या आवाजातून स्वतःच्या आवाजाकडे

नट पडद्यावर दिसेनासा झाला की त्याची कारकीर्द उतरणीला लागली, असे आपण सहज धरून चालतो. आधी मालिका संपते, मग कार्टूनच्या पात्रांना आवाज देणे येते आणि शेवटी पॉडकास्ट. हा क्रम ऐकताना प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा खालची वाटते. विल फ्रीडल या अमेरिकन अभिनेत्याची वाटचाल ढोबळमानाने याच क्रमाने झाली. पण ती बारकाईने पाहिली तर उतरणीचा हा हिशेब चुकीचा ठरतो. माझे म्हणणे असे की आवाजाच्या कामातून मिळालेली कारागिरीच फ्रीडल यांना पॉडकास्टमध्ये उपयोगी पडली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये बोलणाऱ्या या कलावंताला तिथे स्वतःची साक्ष देता आली. लोकप्रिय मालिकांच्या झगमगाटाखाली जे दडून राहते, त्यातले काही या साक्षीमुळे उजेडात आले. म्हणून ही कारकीर्द एका नटापुरती न राहता साऱ्या करमणूक व्यवसायाला काही सांगणारी आहे.

फ्रीडल यांचा जन्म ११ ऑगस्ट १९७६चा, कनेटिकट राज्यातील हार्टफर्डचा. शाळकरी वयातच ते निकेलोडियन या मुलांच्या वाहिनीवर दिसू लागले. सप्टेंबर १९९३मध्ये एबीसी वाहिनीवर ‘बॉय मीट्स वर्ल्ड’ ही मालिका सुरू झाली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. फिलाडेल्फियात वाढणाऱ्या कोरी मॅथ्यूज या मुलाची ती गोष्ट, आणि फ्रीडल त्याचा थोरला भाऊ एरिक. मे २०००पर्यंत मालिकेचे सात हंगाम आणि १५८ भाग झाले. आरंभी चारचौघांसारखा दिसणारा एरिक पुढे भाबडा आणि विक्षिप्त होत गेला. आपल्या शिक्षकाला, फीनी सरांना, तो ज्या चढत्या-उतरत्या सुरांत हाक मारी, ती हाक मालिकेची ओळखच बनली. त्या हाकेतला विनोद शब्दांत कुठेच नाही, तो सगळा गळ्यात आहे. फीनी सरांची भूमिका करणारे विल्यम डॅनियल्स हेही आवाजाच्या अभिनयातले मोठे नाव. ‘नाइट रायडर’मधल्या बोलक्या मोटारीला, म्हणजे किटला, त्यांनीच आवाज दिला होता आणि आपल्याच इच्छेने श्रेयनामावलीत नाव येऊ दिले नव्हते.

मालिका संपण्याच्या सुमारास फ्रीडल यांना चिंतेचे तीव्र झटके येऊ लागले. हे त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. प्रेक्षक आणि कॅमेरे यांच्यासमोर उभे राहणेच अवघड होऊन बसले आणि त्यांनी पडद्यावरील अभिनयापासून स्वतःला दूर ठेवले. आवाजाचे काम त्याआधीच सुरू झाले होते. जानेवारी १९९९मध्ये आलेल्या ‘बॅटमॅन बियाँड’ या ५२ भागांच्या अ‍ॅनिमेशन मालिकेत ते टेरी मॅकगिनिस, म्हणजे भविष्यकाळातला तरुण बॅटमॅन होते. म्हाताऱ्या ब्रूस वेनचा आवाज होता केविन कॉनरॉय यांचा. २००२ ते २००७ या काळात डिस्नेच्या ‘किम पॉसिबल’मध्ये ते नायिकेचा धांदरट मित्र रॉन स्टॉपेबल झाले, आणि ही मालिका ८७ भाग चालली. पुढे २०११च्या ‘थंडरकॅट्स’मध्ये लायन-ओ आणि ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या अ‍ॅनिमेशन मालिकेत स्टार-लॉर्ड. चिंतेने ज्याला पडद्यावरून खाली उतरवले, त्याला ध्वनिमुद्रणाच्या लहानशा खोलीने काम दिले आणि सन्मानही दिला.

त्या खोलीत नेमके काय घडते हे समजल्याशिवाय पुढचा मुद्दा उमगणार नाही. अमेरिकन अ‍ॅनिमेशनमध्ये बहुधा आधी आवाज मुद्रित होतो आणि त्यावरून चित्रे काढली जातात. आपल्याकडच्या डबिंगमध्ये पात्राचे ओठ आधीच हललेले असतात आणि कलाकाराला त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. तिथे मात्र पात्राचा श्वास, अडखळणे, हसू फुटण्याआधीचा क्षण हे सारे नट ठरवतो आणि चित्रकार त्याच्या मागून येतो. ‘बॅटमॅन बियाँड’च्या आवाज-दिग्दर्शक अँड्रिया रोमॅनो कलाकारांना शक्यतो एकत्र बसवून मुद्रण करण्यासाठी प्रसिद्ध होत्या. अशा मुद्रणात समोरच्याचे वाक्य कान देऊन ऐकल्याशिवाय आपले वाक्य खरे वाटत नाही. चेहरा, हात, वेशभूषा, प्रकाश यांपैकी काहीच मदतीला नसते. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी केवळ आवाजावर एक अख्खे घर उभे केले होते, आणि श्रोते त्या घराला आपले घर मानत होते.

पॉडकास्टला लागते ती हीच विद्या. जून २००५मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि २०१४च्या ‘सीरियल’ या पॉडकास्टने या माध्यमाला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. त्यानंतर जुन्या मालिकांचे कलाकार आपलीच मालिका भागामागून भाग पुन्हा पाहून तिच्यावर बोलतात, असा एक प्रकारच रुजला. २०१९मध्ये जेना फिशर आणि अँजेला किन्झी यांनी सुरू केलेले ‘ऑफिस लेडीज’ हे त्यातले ठळक उदाहरण. फ्रीडल आणि ‘बॉय मीट्स वर्ल्ड’मधले त्यांचे सहकलाकार डॅनिएल फिशेल व रायडर स्ट्राँग यांचे ‘पॉड मीट्स वर्ल्ड’ जून २०२२मध्ये सुरू झाले. शिवाय ‘किम पॉसिबल’मधल्या सहकलाकार क्रिस्टी कार्लसन रोमॅनो यांच्याबरोबर फ्रीडल यांनी ‘आय हिअर व्हॉइसेस’ केले, आणि त्यात आवाजाच्या कलाकारांना बोलते केले. मुद्रणकक्षातली शिस्त इथे थेट कामी येते. दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देणे, थांबण्याची जागा ओळखणे आणि विनोदाचा ठोका न चुकवणे या सवयी एका दिवसात अंगी बाणत नाहीत. मात्र एक गोष्ट मागे ठेवावी लागते, ती म्हणजे पात्र. एरिक आणि टेरी यांना लेखक होते, पॉडकास्टमध्ये चूक झाली तर ती बोलणाऱ्याचीच.

या जबाबदारीची कसोटी लागली ती कठीण विषयांवर. ‘बॉय मीट्स वर्ल्ड’मध्ये अँजेलाची भूमिका करणाऱ्या ट्रिना मॅकगी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने २०२०मध्ये, सेटवर आपल्याला सहकाऱ्यांकडून वर्णावरून ऐकून घ्यावे लागले, हे जाहीर केले होते. २०२२मध्ये ती ‘पॉड मीट्स वर्ल्ड’वर पाहुणी म्हणून आली तेव्हा तिघांनी हा विषय टाळला नाही. फेब्रुवारी २०२४च्या एका भागात फ्रीडल आणि स्ट्राँग यांनी त्याहून अवघड कबुली दिली. मालिकेत पाहुणा म्हणून काम केलेल्या एका नटाला २००४मध्ये एका बालकलाकाराच्या लैंगिक शोषणाबद्दल सोळा महिन्यांची शिक्षा झाली होती. त्या खटल्याच्या वेळी या दोघांनी गुन्हेगाराची बाजू घेतली होती. वयाने मोठ्या असलेल्या त्या माणसाने आपल्याशी मैत्री कशी जोडली, स्वतःच बळी असल्याचे आपल्याला कसे पटवले आणि आपण न्यायालयात चुकीच्या बाजूला कसे बसलो, हे त्यांनी एका समुपदेशक पाहुणीच्या साथीने सविस्तर सांगितले. ऑगस्ट २०२४मध्ये डॅनिएल फिशेल यांनी आपल्याला स्तनाच्या कर्करोगाचे अगदी आरंभीच्या अवस्थेत निदान झाल्याचे याच कार्यक्रमात सांगितले आणि तपासण्या टाळू नका, अशी श्रोत्यांना विनंती केली. या तिन्ही प्रसंगांना एरवी एखाद्या मुलाखतीत चार ओळींची जागा मिळाली असती. इथे त्यांना वेळ मिळाला आणि ओळखीचा आवाज मिळाला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हा सारा गतकाळाच्या ओढीचा व्यापार आहे. लहानपणी पाहिलेली मालिका लोकांना पुन्हा विकायची, मधे जाहिराती घालायच्या, वर रंगमंचावर तिकीट लावून प्रयोग करायचे. यात तथ्य आहे. ‘पॉड मीट्स वर्ल्ड’मागे आयहार्ट ही बलाढ्य माध्यम कंपनी आहे, जाहिराती आहेत आणि दौरेही झाले आहेत. पण व्यापार असल्याने एखादी गोष्ट आपोआप पोकळ ठरत नाही. मूळ मालिकाही व्यापारच होती. फरक पाहायचा तो आशयात. निव्वळ गोड आठवणी विकायच्या असत्या तर फेब्रुवारी २०२४चा तो भाग करण्याचे कारणच नव्हते. त्या भागाने या कलाकारांची प्रतिमा उजळली नाही, त्यांच्यावर टीकाच ओढवली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसाची स्मृती आपल्या सोयीने घडते, आणि इथे तर साक्षीदारच सूत्रधार आहेत. कोरीची भूमिका करणारे बेन सॅव्हेज, म्हणजे मालिकेचा नायकच, या तिघांत नाही. तेव्हा चित्र अपुरे राहणारच. शिवाय तो कबुलीचा भाग प्रसिद्ध झाला आणि जेमतेम महिन्याभरात, मार्च २०२४मध्ये, ‘क्वाएट ऑन सेट’ हा माहितीपट आला. त्यात पीडित अभिनेता ड्रेक बेल स्वतः बोलले आणि गुन्हेगाराला पाठिंबा देणाऱ्या पत्रांचाही उल्लेख झाला. मग ही कबुली मनापासूनची की पुढचा फटका हलका करण्यासाठी केलेली? हेतू शुद्ध होता अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. पण साक्षीचे मोल केवळ हेतूवर ठरत नाही. जाळ्यात कसे ओढले जाते, याची जी तपशीलवार उकल त्या भागात झाली ती पालकांना आणि बालकलाकारांना सावध करणारी आहे, हेतू कोणताही असला तरी. आणि अपुरेपणाचे म्हणाल तर इतिहासाचे कोणतेही मौखिक साधन दुसऱ्या साधनांशी ताडूनच वाचावे लागते. म्हणून ते टाकाऊ ठरत नाही.

तिसरा आक्षेप संधीचा. फ्रीडल यांना श्रोते मिळाले ते टीव्हीवरच्या प्रसिद्धीमुळे. ज्याचा चेहरा कधी दिसलाच नाही त्या आवाजाच्या कलाकाराला कोण ऐकणार? हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. पण याच क्षेत्रातला प्रतिदाखलाही आहे. ‘अ‍ॅनिमॅनिअ‍ॅक्स’मधला यॅको, उंदीर पिंकी आणि १९८७च्या निन्जा टर्टल्समधला राफाएल यांचा आवाज असलेले रॉब पॉल्सन हे मुख्यतः आवाजाच्याच कामावर उभे राहिलेले कलाकार. त्यांनी २०११मध्येच ‘टॉकिन टून्स’ हे पॉडकास्ट सुरू केले. २०१६मध्ये त्यांना घशाचा कर्करोग झाला, उपचारांनंतर ते पुन्हा माइकसमोर आले आणि तो अनुभव त्यांनी मोकळेपणाने सांगितला. चेहऱ्याची ओळख मदतीला येते हे खरे, पण ती नसली तरी आवाज स्वतःची ओळख घडवू शकतो.

ही ओळख आज अधिकच महत्त्वाची झाली आहे, कारण आवाज यंत्राने नक्कल करता येण्याजोगा झाला आहे. २०२३मध्ये अमेरिकेतील अभिनेत्यांची संघटना सॅग-आफ्ट्रा ११८ दिवस संपावर होती, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला चेहरा व आवाज वापरू देण्याआधी संमती आणि मोबदला हवा, ही त्यातली प्रमुख मागणी होती. जुलै २०२४मध्ये व्हिडिओ गेमसाठी काम करणारे कलाकार याच प्रश्नावर पुन्हा संपावर गेले. पात्राच्या सुराची नक्कल यंत्र करील. पण वीस वर्षांपूर्वी न्यायालयात आपण कुठे बसलो होतो आणि आज त्याचे काय वाटते, हे सांगण्याचा अधिकार ते जगलेल्या माणसाचाच. जो कलावंत आपल्या नावाने, आपल्या शब्दांत बोलत आला आहे, त्याचा आवाज कुणाचा हा प्रश्न श्रोत्यांना पडत नाही.

मराठी माणसाने हे परके समजू नये. ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तीतला अल्लू अर्जुनचा आवाज श्रेयस तळपदे यांचा आणि हिंदी ‘डेडपूल’मधला संकेत म्हात्रे यांचा. मुंबईच्या डबिंग स्टुडिओंत असे अनेक मराठी गळे रोज राबतात आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे प्रेक्षकांना कधीच कळत नाहीत. आकाशवाणीच्या नाट्यविभागात हयात घालवलेल्या पिढीतले थोडेच लोक आता उरले आहेत. त्यांचे अनुभव, मुद्रणाच्या पद्धती, मानधनाच्या तक्रारी, आनंद आणि अन्याय हे सारे अजून त्यांच्याच तोंडून नोंदवता येईल. त्यासाठी मोठ्या कंपनीची गरज नाही. बरा माइक, शांत खोली आणि मधे न तोडता ऐकणारा माणूस एवढे पुरते. ज्यांना हे माध्यम येते अशा तरुणांनी या कलाकारांपर्यंत पोचावे, आणि आपण श्रोत्यांनी पुढचा डब केलेला चित्रपट पाहताना शेवटची नावे येईपर्यंत खुर्चीत बसून राहावे.